सिलिॲक रोग : अहवाल संदिग्ध असतो तेव्हा

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे सिलिॲक रोगाच्या तपासण्यांविषयी आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची तक्रार एकच आहे: तपासण्या झाल्या, खर्च झाला, पण रोग आहे की नाही हे कोणी ठामपणे सांगत नाही. अनेकांनी या विकाराला गव्हाची ॲलर्जी म्हटले आहे. ही ॲलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत असलेल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे, आनुवंशिक कल असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती त्याच्या स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्न शोषून घेणारे अस्तर झिजू लागते. यावर आज तरी एकच उपाय आहे, तो म्हणजे आयुष्यभर ग्लूटेन पूर्णपणे वर्ज्य करणे. उपाय इतका दूरगामी असल्यामुळे निदान अर्धवट राहणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून उत्तरांकडे वळण्यापूर्वी सर्वांना एक कळकळीची विनंती करतो: सर्व तपासण्या पूर्ण होईपर्यंत स्वतःच्या मनाने गहू बंद करू नका. असे का म्हणतो, ते पुढील उत्तरांत येईलच.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिची उंची वर्गात सर्वांत कमी आहे. हिमोग्लोबिन ८.९ असून चार महिने लोहाचे औषध देऊनही ते फारसे वाढलेले नाही. रक्तातील टीटीजी आयजीए २८ आले. प्रयोगशाळेची मर्यादा २० आहे. एंडोस्कोपी करून आतड्याचे तुकडे तपासले, त्या अहवालात ‘मार्श १’ असे लिहिले आहे. एका डॉक्टरांनी आजपासून गहू कायमचा बंद करा असे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी हा सिलिॲक नाही, सहा महिने थांबा असे सांगितले. आम्ही कोणाचे ऐकावे? (एक आई, नाशिक)

उत्तर : तुमच्या दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरीही आज दोघांपैकी कोणाचाही निर्णय अमलात आणण्याइतकी माहिती हाती नाही, असे माझे मत आहे. ती माहिती महिना-दीड महिन्यात मिळू शकते. तोपर्यंत मुलीची पोळी चालू ठेवा.

आधी रक्ताचा आकडा पाहू. टीटीजी म्हणजे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे आपल्याच शरीरातील एक विकर (एन्झाइम) आहे, आणि आयजीए ही प्रतिपिंडांची एक जात आहे. सिलिॲक रोगात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हे १९९७ साली जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले आणि त्यानंतर ही तपासणी सर्वत्र रूढ झाली. मात्र तिचा आकडा वाचताना तो प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या किती पट आहे हे पाहायचे असते. एका कंपनीच्या संचावरचे २८ आणि दुसऱ्या कंपनीच्या संचावरचे २८ यांची तुलना होत नाही. युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मुलांमध्ये हा आकडा मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून अधिक असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तनमुन्यात ईएमए (एंडोमायशियल प्रतिपिंडे) ही तपासणीही पॉझिटिव्ह असेल, तर बायॉप्सीशिवाय, म्हणजे आतड्याचे तुकडे न काढता, निदान करता येते. तुमच्या मुलीचा आकडा मर्यादेच्या दीडपटही नाही. इतकी किंचित वाढ खऱ्या सिलिॲकच्या सुरुवातीला दिसते, तशीच ती काही मुलांमध्ये तात्पुरती येऊन गहू चालू असतानाच आपोआप ओसरतेही. म्हणून एंडोस्कोपी करण्याचा निर्णय योग्यच होता.

आता बायॉप्सी. लहान आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. अहवालात त्यांना व्हिलाय म्हणतात. सिलिॲकमध्ये आधी अस्तराच्या पेशींमध्ये लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशींची गर्दी होते, मग व्हिलायच्या बुडाशी असलेल्या ग्रंथी वाढतात आणि शेवटी व्हिलाय खुरटत जाऊन अस्तर सपाट होते. या पायऱ्यांना मार्श १, २ आणि ३ म्हणतात. तुमच्या अहवालात लिम्फोसाइट दर शंभर पेशींमागे पंचवीसहून अधिक असल्याचे नोंदवले असेल आणि व्हिलायची उंची टिकून असेल. ही पहिली पायरी सिलिॲकची असू शकते, पण ती एकट्या सिलिॲकची खूण नाही. जिआर्डिया या परोपजीवीचा संसर्ग, जठरातील हेलिकोबॅक्टर जंतू, तापासाठी वारंवार दिलेले आयबुप्रोफेनसारखे औषध, अशा कितीतरी कारणांनी हेच चित्र दिसते. केवळ ‘मार्श १’ या शब्दांवर सात वर्षांच्या मुलीला जन्मभराचे पथ्य लावणे मला मान्य नाही.

मात्र याची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी. सिलिॲकमध्ये आतड्याला होणारी इजा सलग नसते. एका जागी अस्तर निरोगी आणि बोटभर अंतरावर झिजलेले असे होऊ शकते. म्हणून तुमचा अहवाल काढून पुढील गोष्टी पाहा: तुकडे किती घेतले आणि कोठून घेतले? ड्युओडिनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या खंडाच्या, दुसऱ्या भागातून किमान चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून, म्हणजे बल्बमधून, एक-दोन तुकडे घ्यावेत असा संकेत आहे. काही मुलांमध्ये इजा केवळ बल्बमध्येच सापडते. अहवालात ‘दोन तुकडे’ एवढेच लिहिले असेल, तर त्यावरून सिलिॲक नाही असे म्हणता येत नाही. तुकडा मेणात बसवताना आडवा किंवा तिरपा बसला, तर त्याच्या कापांत व्हिलायची उंची विश्वासाने मोजता येत नाही, आणि अशा वेळी चांगले पॅथॉलॉजिस्ट ‘ओरिएंटेशन समाधानकारक नाही’ असे स्वतःच लिहितात. काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेकडे जपून ठेवलेले असतात. ते मागून घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि पोटाच्या विकारांच्या बायॉप्सी नेहमी पाहणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून त्या पुन्हा वाचून घेण्यासाठी मुलीला पुन्हा एंडोस्कोपीला सामोरे जावे लागत नाही.

आणखी एक प्रश्न तुम्हाला कोणी विचारला आहे की नाही, याची मला शंका वाटते: मुलगी रोज गहू किती खाते? आपल्याकडे अनेक घरांत दुपारी भात आणि रात्री बाजरीची भाकरी असते आणि गहू केवळ डब्यातल्या अर्ध्या पोळीपुरता असतो. इतक्या थोड्या ग्लूटेनवर प्रतिपिंडे आणि बायॉप्सी दोन्ही अर्धवट चित्र दाखवू शकतात.

तेव्हा पुढील क्रम मला योग्य वाटतो. मुलीला रोज किमान दोन पोळ्या किंवा तेवढा गव्हाचा पदार्थ मिळू द्या. ईएमए तपासणी करून घ्या. ती सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी वाचावी लागते, त्यामुळे वाचणारा अनुभवी हवा, पण ती पॉझिटिव्ह आली तर टीटीजीची किंचित वाढ खरी असल्याचा भक्कम आधार मिळतो. शौचाची तपासणी करून जिआर्डिया आणि जंत यांचा शोध घ्या, कारण अंकुशकृमीही मुलांच्या अंगातील रक्त असेच कमी करतात. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय तपासणी एकदा करा. ती पूर्णपणे निगेटिव्ह असेल, तर सिलिॲकची शक्यता जवळजवळ संपते. लोहाचे उपचार मात्र एक दिवसही थांबवू नका. तोंडावाटे दिलेले लोह अंगी लागत नसेल, तर ते शिरेतून देता येते.

ईएमए पॉझिटिव्ह, सिलिॲकची जनुके हजर आणि रक्तक्षयाचे दुसरे कारण सापडत नाही असे निघाले, तर ‘पोटेन्शियल सिलिॲक’ (प्रतिपिंडे आहेत, पण व्हिलाय अजून झिजलेले नाहीत) असे निदान होते, आणि लक्षणे असलेल्या, वाढीच्या वयातील मुलीसाठी काटेकोर पथ्य सुरू करावे याच बाजूचा मी आहे. सहा महिने ते वर्षभरात हिमोग्लोबिन, उंची आणि टीटीजी यांत काय फरक पडतो, ते पाहून तो निर्णय तपासताही येतो. ईएमए निगेटिव्ह आली, तर गहू चालू ठेवून, सापडलेल्या कारणावर उपचार करून, तीन ते सहा महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत टीटीजी पुन्हा पाहावे.

प्रश्न : माझे वय ३४. पोट फुगणे आणि जुलाब यांमुळे मी आठ महिन्यांपूर्वी स्वतःच गहू बंद केला आणि मला खूप बरे वाटले. आता टीटीजी आयजीए तपासले तर ३, म्हणजे निगेटिव्ह आले. एंडोस्कोपीही नॉर्मल आहे. याशिवाय मी दोनशे पदार्थांची आयजीजी तपासणी केली. तीत गहू, दूध आणि शेंगदाणे ‘उच्च’ दाखवले आहेत. मला सिलिॲक आहे की नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमच्या टीटीजी आणि एंडोस्कोपीच्या अहवालांवरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, आणि हा दोष प्रयोगशाळेचा नाही. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० सालच्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले की गहू वगळला की सिलिॲक असलेली मुले सुधारतात आणि तो पुन्हा दिला की आजार परततो. गहू थांबला की प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात आणि अस्तर भरून येऊ लागते. त्यामुळे आठ महिन्यांच्या पथ्यानंतरचा निगेटिव्ह अहवाल दोन अगदी वेगळ्या माणसांचा असू शकतो: ज्याला सिलिॲक कधीच नव्हता त्याचा, आणि ज्याला तो आहे पण पथ्याने बरे वाटते आहे त्याचा.

आयजीजी ही प्रतिपिंडांची आणखी एक जात. तिचा तो लांबलचक तक्ता बाजूला ठेवा. अन्नपदार्थांविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे तुम्ही तो पदार्थ खात आला आहात एवढेच सांगतात, रोगाविषयी काहीही सांगत नाहीत. या तपासणीवर विसंबून दूध आणि शेंगदाणे सोडलेली, अंगाने उतरलेली माणसे पाहून मला मनापासून वाईट वाटते. दूध पचत असेल, तर ते आजपासून पुन्हा घ्यायला हरकत नाही.

पहिली पायरी म्हणून एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ तपासा. या तपासणीवर पथ्याचा परिणाम होत नाही. दोन्ही नसतील, तर सिलिॲकचा विषय येथेच संपला, आणि तुमच्या त्रासाचे कारण बहुधा गव्हातील फ्रुक्टन नावाच्या शर्करेत असेल. हीच शर्करा कांदा-लसणातही भरपूर असते. ती आतड्यात आंबून पोट फुगवते, पण अस्तराला इजा करत नाही. अशा माणसाला जत्रेतली जिलेबी खाल्ल्याने फार तर रात्रभर त्रास होईल, त्याचे आतडे झिजणार नाही.

जनुके आढळली, तर मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली गहू पुन्हा सुरू करून तपासावे लागेल. प्रौढांसाठी रोज किमान तीन ग्रॅम ग्लूटेन निदान दोन आठवडे, आणि सोसत असेल तर आठ आठवड्यांपर्यंत, असा प्रघात आहे. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ते तीन ग्रॅम ग्लूटेन असते, म्हणजे रोज दोन पोळ्या पुरेशा होतात. त्यानंतर टीटीजी आणि बायॉप्सी दोन्ही करावे, आणि बायॉप्सी दोनच आठवड्यांनी केली असेल, तर रक्ततपासणी पुढे काही आठवड्यांनी पुन्हा करावी, कारण प्रतिपिंडे वाढायला वेळ लागतो. घरात गर्भारपण असेल, मूल अगदी लहान किंवा वयात येत असेल, किंवा गव्हाने अंगावर पित्त उठून श्वास कोंडल्याचा इतिहास असेल, तर हा प्रयोग त्या व्यक्तीवर करू नये.

बरे वाटते आहे तर एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. सिलिॲक असेल, तर चिमूटभर कणीकही वर्ज्य ठरते, हाडांची घनता आणि थायरॉईड तपासावे लागते, आणि तुमच्या भावंडांना व मुलांनाही तपासणी सुचवावी लागते. तो नसेल, तर यांपैकी काहीच करावे लागत नाही. त्रासदायक लक्षणांमुळे तुम्ही हा प्रयोग नाकारलात, तर तेही समजण्यासारखे आहे; मग सिलिॲक आहे असे धरून पूर्ण काटेकोर पथ्य पाळावे. मधेच पोळी, मधेच भाकरी असे करणे हे सर्वांत वाईट.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, सतत पातळ शी होते आणि वजन ११ किलोवरच अडले आहे. टीटीजी आयजीए १ पेक्षा कमी आले. मात्र त्याच अहवालात खाली ‘एकूण आयजीए ४ मि.ग्रॅ.’ असे लिहून खूण केली आहे. डॉक्टर म्हणाले, निगेटिव्ह आहे, काळजी नको. (एक पालक, लातूर)

उत्तर : ती खूणच महत्त्वाची आहे. टीटीजीची नेहमीची तपासणी आयजीए जातीची प्रतिपिंडे मोजते. शरीर त्या जातीची प्रतिपिंडे मुळातच फार कमी बनवत असेल, तर सिलिॲक असूनही ही तपासणी निगेटिव्ह येईल. सिलिॲकच्या दर शंभर रुग्णांत दोन-तीन जणांना आयजीएची ही कमतरता असते, आणि ते प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा बरेच जास्त आहे. म्हणून तुमच्या मुलाची टीटीजी आयजीजी किंवा डीजीपी आयजीजी (ग्लूटेनच्या तुकड्यांविरुद्धची प्रतिपिंडे) ही तपासणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली, तर आकडा कितीही मोठा असला तरी बायॉप्सी करावी, कारण आयजीजी तपासण्या तितक्या खात्रीच्या नसतात. आयजीए कमी असलेल्या मुलांना जिआर्डियाचा त्रासही अधिक होतो, तेव्हा शौचाची तपासणी सोबतच करा. चार वर्षांपर्यंत आयजीएची पातळी काही मुलांमध्ये सावकाश वाढते. वर्षभराने ती पुन्हा मोजावी. तुमच्या डॉक्टरांना हा अहवाल पुन्हा दाखवताना संकोच करू नका.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. पाच महिन्यांपासून दिवसाला आठ-दहा जुलाब होतात, वजन ७२ वरून ६१ किलोवर आले. टीटीजी आयजीए निगेटिव्ह, एकूण आयजीए नॉर्मल. बायॉप्सीत व्हिलाय पूर्ण सपाट, ‘मार्श ३, सिलिॲकशी सुसंगत’ असे लिहिले आहे. दोन महिने चपाती पूर्ण बंद करूनही काही फरक नाही. मधुमेह नाही, रक्तदाबासाठी तीन वर्षांपासून ओल्मेसार्टन चालू आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण औषधाचे नाव लिहिले, हे फार चांगले केले. ‘सुसंगत’ या शब्दाचा अर्थ ‘सिद्ध’ असा होत नाही. पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली सपाट अस्तर दिसते; ते कशामुळे सपाट झाले, हे त्यावर लिहिलेले नसते. गहू चालू असताना आणि एकूण आयजीए नॉर्मल असताना टीटीजी निगेटिव्ह असेल, तर व्हिलाय सपाट होण्याची इतर कारणे आधी शोधायला हवीत.

ओल्मेसार्टनमुळे अगदी असेच चित्र निर्माण होऊ शकते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१२ साली अशा २२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली: तीव्र जुलाब, मोठी वजनघट, सपाट व्हिलाय, निगेटिव्ह टीटीजी आणि ग्लूटेन बंद करूनही न पडलेला फरक. औषध थांबवल्यावर ते सुधारले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेने या औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालायला लावला. औषध सुरू करून कित्येक महिने, कधी काही वर्षे उलटल्यावर हा त्रास सुरू होतो, त्यामुळे रुग्णाला आणि डॉक्टरांनाही त्याचा संबंध चटकन सुचत नाही. आपण मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. या आठवड्यातच आपल्या डॉक्टरांना भेटा आणि दुसऱ्या गटातील रक्तदाबाचे औषध सुरू करून ही गोळी थांबवता येईल का, हे विचारा. इतके जुलाब होत असताना या जातीच्या औषधाने मूत्रपिंडावरही ताण येतो, म्हणून क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम लगेच तपासून घ्या. औषध बदलल्यावर काही आठवड्यांत फरक दिसू लागला, तर निदान बहुतांशी झालेच. काही महिन्यांनी पुन्हा केलेल्या बायॉप्सीत व्हिलाय उगवलेले दिसतात.

तसे झाले नाही, तर आपल्या भागात ध्यानात ठेवण्याजोगा दुसरा आजार म्हणजे ट्रॉपिकल स्प्रू, उष्ण प्रदेशांत आढळणारा अन्नशोषणाचा विकार. त्यात फॉलिक ॲसिड आणि बी१२ दोन्ही कमी होतात, आणि फॉलिक ॲसिडसह टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैविक काही महिने दिल्यास रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. अशा रुग्णाला सिलिॲक समजून आयुष्यभर चपाती तोडायला लावणे म्हणजे बरा होणारा आजार तसाच ठेवण्यासारखे आहे. याशिवाय जिआर्डिया, आतड्याचा क्षय, एचआयव्ही आणि एकूण इम्युनोग्लोब्युलिनची (प्रतिपिंडांची) कमतरता यांचा शोधही आपल्या डॉक्टरांनी घ्यायला हवा. एचएलए तपासणीचा खरा उपयोग आपल्यासारख्या रुग्णांना होतो: ती निगेटिव्ह आली, तर चपाती परत ताटात घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : माझ्या भावाला सिलिॲक आहे, म्हणून मी माझ्या बारा वर्षांच्या मुलाची तपासणी केली. टीटीजी निगेटिव्ह आहे, पण एचएलए डीक्यू२ पॉझिटिव्ह आले. त्याची पोळी आजच बंद करू का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : नाही. ही जनुके सुमारे एक तृतीयांश लोकांत असतात आणि त्यांपैकी फारच थोड्यांना हा रोग होतो. देशातील तीन भागांतील प्रौढांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत सिलिॲकचे प्रमाण उत्तर भारतात सुमारे ०.८५ टक्के, तर दक्षिणेत सुमारे ०.०१ टक्के आढळले, आणि दोन्हीकडे ही जनुके असूनही गव्हाच्या रोजच्या खाण्यात फार मोठा फरक होता. आपण राहता तो प्रदेश गहू खाणारा आहे, म्हणून सावध राहणे योग्यच. मुलाचे वजन-उंची नोंदवत राहा, दोन-तीन वर्षांनी किंवा काही लक्षण दिसले तर लगेच टीटीजी पुन्हा करा, आणि तोवर त्याला सर्व काही खाऊ द्या. आपण भावाच्या सख्ख्या बहीण किंवा भाऊ आहात, तेव्हा धोका आपल्याला मुलापेक्षा अधिक आहे. आपली स्वतःची टीटीजी झाली नसेल, तर ती आधी करा.

प्रश्न : माझे वय २९. बायॉप्सीने सिलिॲकचे निदान पक्के झाले. तेव्हा टीटीजी २०० च्या वर होते, मर्यादा २०. चौदा महिने मी गव्हाचा कणही खाल्लेला नाही, तरी परवा ते ४६ आले. सासरचे म्हणतात, पथ्याचा उपयोगच होत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : उपयोग होतो आहे, हे तुमचाच आकडा सांगतो. सुरुवातीला टीटीजी जितके जास्त, तितके ते मर्यादेत यायला अधिक दिवस लागतात. दीड-दोन वर्षे लागणे नेहमीचे आहे. दोन्ही तपासण्या एकाच प्रयोगशाळेत झाल्या आहेत ना, एवढे पाहा. वेगळ्या ठिकाणी झाल्या असतील, तर या दोन आकड्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नका.

तरीही ४६ हा आकडा मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे, म्हणून न कळत पोटात जाणारे ग्लूटेन शोधणे आवश्यक आहे, आणि ते बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच सापडते. सर्वांत आधी हिंगाची डबी हातात घेऊन घटक वाचा. बाजारातला बांधानी हिंग हा शुद्ध हिंग नसतो. त्यात डिंक आणि बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि तो रोजच्या आमटीच्या फोडणीत जातो. तांदळाचे पीठ घातलेला हिंग मिळतो, तो घ्या. मेतकुटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो, आणि जव तितकाच वर्ज्य आहे. ओट्सवर ‘ग्लूटेनमुक्त’ अशी नोंद नसेल, तर ते घेऊ नका. आपल्याकडील नियमांनुसार ही नोंद करण्यासाठी पदार्थात ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही.

यानंतर पीठ. ज्वारी आणि नाचणी स्वतः निर्दोष आहेत, पण गिरणीत तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळले गेले असतील, तर त्यांची कणीक तुमच्या डब्यात येते, आणि सकाळी लवकर जाऊनही ती पूर्णपणे टळत नाही, कारण पाळ्यांमध्ये आदल्या दिवशीची कणीक असतेच. घरघंटी घेता आली आणि तिच्यात गहू कधीच दळला नाही, तर हा प्रश्न सुटतो. ती घेणे शक्य नसेल, तर ‘ग्लूटेनमुक्त’ नोंद असलेले बंद पाकिटातील पीठ वापरा. तुमच्यासाठी वेगळा तवा, वेगळे पोळपाट-लाटणे आणि पिठाची वेगळी चाळणी ठेवा. त्याच तेलात आधी मैद्याचे शंकरपाळे तळले असतील, तर त्या तेलातला पापडही टाळा. सासरच्या मंडळींना हे सारे अवघड वाटेल, हे मी समजू शकतो. पुढच्या भेटीला त्यांपैकी कोणाला तरी आहारतज्ज्ञांकडे सोबत घेऊन जा, म्हणजे सांगण्याचा भार एकट्या तुमच्यावर पडणार नाही.

टीटीजी सहा महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करा. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड पाहा, आणि हाडांची घनता अजून मोजली नसेल, तर ती मोजून घ्या. आकडा उतरत राहिला, तर चिंतेचे कारण नाही. निदानाला दोन वर्षे होऊनही तो चढाच राहिला, किंवा आकडा मर्यादेत येऊनही वजन आणि हिमोग्लोबिन वाढले नाही, तर एंडोस्कोपी पुन्हा करावी लागेल. टीटीजी मर्यादेत आले म्हणजे व्हिलाय पूर्ण भरून आलेच असे होत नाही, आणि ते पाहण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग आज उपलब्ध नाही.